मित्रांमधली पैज आणि बाजारातला भाव : बेटफेअर एक्स्चेंजचे एक आडवाटेचे परीक्षण

लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोमध्ये राहणाऱ्या आम्हा पाच मराठी मित्रांचा शनिवारच्या रात्रीचा एक जुना परिपाठ आहे. यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या लास व्हेगासमधल्या मुख्य लढती इथल्या घड्याळाप्रमाणे बहुधा रविवारी पहाटे सुरू होतात. त्यामुळे कुणाच्या तरी घरी जेवण उरकून, चहाच्या दोन-तीन फेऱ्या करून आम्ही जागत बसतो, आणि डोळा लागू नये म्हणून मोठ्या लढतींवर आपापसांत पैज लावतो. कुणीही एका रात्रीत वीस पौंडांपेक्षा अधिक घालवायचे नाहीत, हा पहिल्यापासूनचा नियम आहे. रक्कम किरकोळ असली तरी तिच्यावरून झालेले वाद किरकोळ नव्हते.

त्यातला सर्वांत जुना वाद २६ ऑगस्ट २०१७ च्या रात्रीचा, म्हणजे बॉक्सर फ्लॉइड मेवेदर आणि यूएफसीचा कॉनर मॅक्ग्रेगर यांच्या बॉक्सिंगच्या लढतीचा आहे. आमच्यातल्या मॅक्ग्रेगरच्या एका भक्ताने दहाला दहा अशी बरोबरीची पैज लावली, मेवेदरने दहाव्या फेरीत सामना संपवला, आणि दहा पौंड गेले. दुसऱ्या दिवशी त्याला कळले की बेटिंगच्या दुकानात मॅक्ग्रेगरवर जवळजवळ चारपट मिळत होते. हरल्यावर दोन्हीकडे त्याचे दहाच पौंड जाणार होते, हे त्याला शंभर वेळा सांगून झाले. परंतु आपण फसवले गेलो ही त्याची भावना आजही तसूभर कमी झालेली नाही. विचार केल्यावर मला त्याचे म्हणणे पटले. त्याने जो धोका पत्करला होता, त्याची किंमत समोरच्याने त्याला दिली नव्हती. दहाला दहा नाही, तर मग दहाला किती, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या बैठकीत आला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी बेटफेअर एक्स्चेंज, म्हणजे गिऱ्हाइके जिथे एकमेकांशीच पैजा लावतात तो ऑनलाइन बाजार, वापरू लागलो. तिथे पैज लावण्यासाठी मात्र नव्हे. सोनाराकडे काहीही न घेता त्या दिवसाचा भाव तेवढा विचारून यावे, तसा मी तिथला भाव वाचून येतो आणि त्यावर आमच्या घरातली पैज बेततो. हे परीक्षण त्या एवढ्याच उपयोगापुरते आहे. बेटिंगची सोय म्हणून ही सेवा चांगली की वाईट, खाते उघडावे की उघडू नये, याविषयी मी ओघात जे लिहीन तेवढेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ब्रिटनमध्ये ज्यात कुणाचाही धंदा नाही अशा मित्रामित्रांमधल्या खासगी पैजेला २००५ च्या जुगारविषयक कायद्याने परवान्याची अट घातलेली नाही. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आलेली आहे. त्यामुळे रविवारी सकाळी पोहे खात हीच लढत पाहणारा आमचा पुण्यातला मित्र व्हिडिओ कॉलवर मते भरपूर देतो, पैजेत मात्र नसतो. करार म्हणूनही दोन्हीकडे फरक आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार १८७२ पासून निरर्थक ठरतो, तर इकडे सप्टेंबर २००७ पासून जिंकलेल्या पैजेसाठी न्यायालयात दावा करता येतो. अर्थात एकोणीस पौंडांसाठी मित्रावर दावा ठोकणाऱ्याला पुढच्या शनिवारी जेवायला कोण बोलावणार, हा भाग वेगळा.

आता भावाकडे वळतो, आणि तेही आधी दुकानातल्या भावाकडे, कारण दुकान समजल्याशिवाय एक्स्चेंजचे महत्त्व समजत नाही. इथे १ मे १९६१ पासून रस्त्यावरची बेटिंगची दुकाने कायदेशीर आहेत, आणि त्यांच्या फलकांवर भाव अजूनही अपूर्णांकात लिहिलेला दिसतो. समजा एका लढतीत वरचढ खेळाडूचा भाव ४/९ आहे आणि समोरच्याचा ७/४. यातला खालचा आकडा आपण लावायची रक्कम सांगतो आणि वरचा आकडा नफा. म्हणजे वरचढावर नऊ पौंड लावले तर चार मिळतील, दुबळ्यावर चार लावले तर सात मिळतील, आणि जिंकल्यावर आपली मूळ रक्कम अर्थातच परत येईल. एक्स्चेंजवर हेच भाव दशांशात असतात आणि त्यांत मूळ रक्कमही धरलेली असते, म्हणून ७/४ चे २.७५ होतात आणि ४/९ चे १.४४. अमेरिकेतल्या समालोचकांच्या तोंडी येणारे अधिक-उण्याचे भाव याच गोष्टीचे तिसरे रूप आहे : अधिक १७५ म्हणजे शंभर लावल्यास पावणेदोनशे नफा, आणि उणे २२५ म्हणजे शंभर मिळवायचे असतील तर सव्वादोनशे लावा. चौथे रूप आपल्याकडच्या क्रिकेटच्या सट्ट्यामुळे वृत्तपत्रांच्या वाचकांना ऐकून ठाऊक असते. तिथे वरचढ बाजूचा भाव रुपयामागे पैशांत सांगतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ‘चव्वेचाळीस पैसे’. चारही बोलींत सांगितलेली गोष्ट एकच आहे, आणि ज्याला यातली एक बोली नीट येते त्याला उरलेल्या तीन शिकायला एक संध्याकाळ पुरते.

भावाचे शक्यतेत रूपांतर करणे त्याहून सोपे आहे : एकाला दशांशातल्या भावाने भागायचे. २.७५ चे ३६.३६ टक्के येतात आणि ४/९ चे ६९.२३ टक्के. आता या दोहोंची बेरीज करून पाहावी. ती १०५.५९ येते. दोनपैकी कुणीतरी एक जिंकणार असेल तर शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे साडेपाच टक्के ही दुकानदाराने भावात कालवलेली स्वतःची कमाई आहे. दूधवाल्याने घातलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही, हे पाणी मात्र साध्या भागाकाराने दिसते. दुकान चालवायचे तर नफा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु घरात दोन मित्र समोरासमोर बसून दुकानाच्या फलकावरचा भाव जसाच्या तसा घेऊन पैज लावतात, तेव्हा तो नफा कुणाच्या खिशात जातो? ज्याने समोरच्याची पैज स्वीकारली त्याच्या. म्हणजे दोघांपैकी एक जण नकळत दुकानदार होऊन बसतो आणि दुसरा गिऱ्हाईक. आमच्याकडे पहिले वर्षभर हेच होत होते आणि कुणाच्याही लक्षात आले नव्हते.

एक्स्चेंजची रचना मुळातच वेगळी आहे. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी २००० साली सुरू केलेल्या या सेवेत, शेअर बाजाराप्रमाणे, एका गिऱ्हाइकाची पैज दुसरे गिऱ्हाईक घेते आणि कंपनी मध्ये बसून निव्वळ नफ्यावर कमिशन कापते. पडद्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे निळ्या आणि गुलाबी रंगाच्या चौकटी असतात. निळ्या बाजूला तो जिंकेल असे म्हणणाऱ्याला आत्ता मिळू शकणारा भाव, गुलाबी बाजूला तो जिंकणार नाही असे म्हणणाऱ्याला द्यावा लागणारा भाव, आणि प्रत्येक भावाखाली त्या भावाला किती पैसे तयार आहेत तो आकडा. नवख्या माणसाला ही गुलाबी बाजू बुचकळ्यात टाकते. मी आमच्या मंडळींना ती सट्टेबाजांच्या दोन शब्दांत समजावली : निळी बाजू म्हणजे लगाई, गुलाबी म्हणजे खाई. एक लावतो, दुसरा ती पैज खातो. मराठीत भाव खाणारी माणसे आपण रोज पाहतोच, इथे ती प्रत्यक्ष पैसे मोजून भाव खातात.

घरातल्या पैजेच्या दृष्टीने या पडद्याची खरी किंमत अशी की दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात आणि त्यांच्यामधले अंतर अगदी बारीक असते. वरच्या उदाहरणातली लढत एक्स्चेंजवर मोठी आणि वर्दळीची असेल, तर वरचढाचा भाव साधारण १.५२ निळा आणि १.५४ गुलाबी, आणि दुबळ्याचा २.८६ आणि २.९२ असा दिसेल. दोन्हींचे मध्य काढले की १.५३ आणि २.८९ मिळतात, त्यांच्या शक्यता ६५.४ आणि ३४.६ टक्के, म्हणजे बेरीज जवळजवळ नेमकी शंभर. यात दुकानदार कुठेच नाही. त्यावरून घरातली पैज ठरवायला फक्त गुणोत्तर लागते, आणि ते येते १.९ ला १. वरचढाच्या बाजूने बोलणाऱ्याने टेबलावर एकोणीस पौंड ठेवायचे, दुबळ्याच्या बाजूने बोलणाऱ्याने दहा, आणि जिंकेल त्याने एकोणतीस उचलायचे.

यात कुणाचा किती फायदा होतो ते आकड्यांतच पाहण्यासारखे आहे. दुबळ्यावर दहा पौंड लावणाऱ्याला दुकानात जिंकल्यावर साडेसतरा मिळाले असते. एक्स्चेंजवर २.८६ च्या भावाने १८.६० मिळाले असते, परंतु समजा पाच टक्के कमिशन गेले तर हातात १७.६७ उरतात, म्हणजे दुकानापेक्षा सतरा पेन्स अधिक. मित्राकडून पूर्ण एकोणीस मिळतात. दुसऱ्या बाजूने वरचढावर एकोणीस लावणाऱ्याला दुकान ८.४४ देईल, एक्स्चेंज कमिशन कापून ९.३९, आणि मित्र दहा. म्हणजे एकाच पैजेत दोन्ही मित्रांना बाजारातल्या कुठल्याही ठिकाणापेक्षा चांगला भाव मिळतो, आणि तरीही कुणी कुणाला फसवलेले नसते. हे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा आमचा मॅक्ग्रेगरभक्त बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला होता. मला विचाराल तर या सेवेकडून आम्हाला झालेला सर्वांत मोठा लाभ हाच, आणि तो लाभ त्या सेवेला एक पेन्सही न देता झाला, हे थोडे संकोचाने नमूद करतो.

मात्र भाव कशाचे माप आहे, हे न समजता तो वाचला तर नवे गैरसमज होतात. भाव म्हणजे लोकांनी पैसे कुठे ठेवले आहेत त्याची नोंद. मेवेदर–मॅक्ग्रेगर लढतीची नुसती चर्चा होती तेव्हा दुकाने मॅक्ग्रेगरवर नऊपटीहून अधिक द्यायला तयार होती. लढत जवळ येईपर्यंत तो भाव चारपटीच्या आसपास उतरला. त्या काळात मॅक्ग्रेगर बॉक्सिंगमध्ये दुप्पट हुशार झाला नव्हता, त्याच्या चाहत्यांनी लहानलहान रकमांचा पाऊस पाडला होता. याच्या उलट टोकाला ११ फेब्रुवारी १९९० ची टोकियोतली लढत आहे. माइक टायसनसमोर बस्टर डग्लसचा भाव लावणे बहुतेकांना हास्यास्पद वाटले, आणि लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत तिथले भाव ठरवणारे जिमी व्हॅकारो यांनी जो लावला तो ४२ ला १ होता. त्यात दडलेली शक्यता अडीच टक्क्यांहूनही कमी होती, आणि डग्लसने दहाव्या फेरीत टायसनला लोळवले.

आमच्या घरात असाच एक दिवस १ जून २०१९ ला आला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ यांच्या लढतीचा. रुईझ मूळ प्रतिस्पर्धी नव्हता. जॅरेल मिलर उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्यामुळे तो ऐनवेळी आलेला होता. आमच्या साताऱ्याच्या मित्राने केवळ गंमत म्हणून रुईझवर दोन पौंड लावले, आणि जोशुआच्या एका भक्ताने त्यासमोर वीस ठेवले. सातव्या फेरीत लढत संपली आणि वीस पौंड साताऱ्याला गेले. हरलेल्याचे म्हणणे असे की एक्स्चेंजचा भाव साफ चुकीचा होता आणि इथून पुढे तो वापरू नये. दहाला एक हा भावच सांगतो की अशा अकरा लढतींपैकी एक उलटी फिरेल. ती एक नेमकी त्याच्या वाट्याला आली, एवढेच. एका लढतीवरून भाव बरोबर की चूक हे कुणालाही सांगता येत नाही. वहीतल्या शे-दीडशे नोंदींवरून काही सांगता येते, आणि आमची वही सांगते की दोनास एकच्या आसपासचे भाव असलेल्या लढतींत दुबळी बाजू साधारण तिसऱ्या हिश्शाने जिंकलेली आहे. पाच जणांच्या वहीला शास्त्र म्हणता येणार नाही, परंतु भांडण मिटवायला ती पुरेशी आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की हा भाव फक्त मोठ्या लढतींपुरता भरवशाचा आहे. मुख्य लढतीवर भरपूर पैसा असतो, पण त्याच रात्रीच्या सुरुवातीच्या, फारशी नावे नसलेल्या लढतींवर दोन्ही बाजूंना नगण्य रक्कम पडलेली असते आणि निळा भाव १.६० तर गुलाबी २.१० असे भगदाड दिसते. एका टोकाला साडेबासष्ट टक्के, दुसऱ्या टोकाला अठ्ठेचाळीसच्या आत. यांचा मध्य काढणे म्हणजे गावात दोनच घरे असताना सरासरी उंची काढणे. अशा लढतींसाठी मी पुन्हा दुकानांकडे वळतो. तीन-चार ठिकाणचे भाव घेऊन प्रत्येकातली वरची टक्केवारी त्याच प्रमाणात वजा करतो आणि मग सरासरी काढतो. आपल्या उदाहरणात ६९.२३ ला १०५.५९ ने भागले की ६५.६ येतात, म्हणजे एक्स्चेंजच्या अगदी जवळ. परंतु लढत फारच एकतर्फी असेल तर ही युक्तीही फसते, कारण दुकाने आपली कमाई दोन्ही बाजूंवर सारखी वाटत नाहीत. ज्याला कुणी विचारत नाही अशा खेळाडूच्या भावात ती अधिक कालवतात. पंधरापट, वीसपट अशा भावांच्या बाबतीत म्हणून आम्ही सरळ पैजच घेत नाही.

दुसरी उणीव म्हणजे गुलाबी चौकटीत लपलेला धोका, आणि ज्यांना प्रत्यक्ष खाते उघडायचे आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. निळ्या बाजूला दहा लिहिले तर हरल्यास दहाच जातात. गुलाबी बाजूला दहा लिहिले तर ते दहा समोरच्याचे असतात, आणि आपले जाणारे पैसे भावावर ठरतात : भाव आठ असेल तर सत्तर. हा आकडा पडद्यावर दाखवलेला असतो, हे खरे. पण पहाटे अडीचला, अर्धवट झोपेत, फोनच्या छोट्या पडद्यावर तो वाचला जात नाही. आमच्यातल्या एकाने हाच घोळ घातला आणि वीस पौंडांचा आमचा नियम त्या एका रात्री मोडला. चूक सर्वस्वी त्याचीच होती आणि त्याने ती कबूलही केली, पण तेव्हापासून एक्स्चेंज आमच्याकडे फक्त वाचण्यापुरते उरले. भाव पाहण्याचे साधन म्हणून मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, आणि नवख्या माणसाने पैज लावण्याचे ठिकाण म्हणून दोनच.

लढत चालू असतानाचे भाव हे तिसरे प्रकरण. ते पाहायला मजा येते, पण घरातल्या पैजेला त्यांचा काडीचा उपयोग नाही. इंटरनेटवरून येणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असते, आणि भाव मात्र रिंगच्या जवळ बसलेल्या माणसांच्या बोटांवर चालतो. त्यामुळे आपल्या पडद्यावर दोघे अजून शांतपणे अंतर राखून उभे असताना फोनवर एकाचा भाव अचानक १.०१ होतो, आणि आपल्याला कळून चुकते की पुढच्या काही सेकंदांत कुणीतरी आडवा होणार आहे. गोष्टीचा शेवट आधीच सांगणारा पाहुणा घरात असावा, तसे ते वाटते. घंटा झाली की आम्ही सगळ्यांचे फोन स्वयंपाकघराच्या खणात ठेवतो.

भाव ठरला तरी पैज ठरत नाही, हे आम्हाला १ डिसेंबर २०१८ ला कळले. टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांची ती लॉस एंजेलिसमधली लढत बरोबरीत सुटली. आमच्यातल्या एकाने फ्युरीवर घरीही पैज लावली होती आणि हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानातही. घरातले पैसे परत मिळाले, दुकानातले गेले. बॉक्सिंगमध्ये बरोबरीलाही स्वतंत्र भाव असतो, आणि दुकानात तीन पर्यायांची पैज घेतली असेल तर बरोबरी झाल्यावर दोन्ही खेळाडूंवरच्या पैजा हरलेल्याच धरल्या जातात. बरोबरी झाल्यास पैसे परत, अशी पैज तिथेही वेगळी मिळते, पण तिचा भाव किंचित कमी असतो. त्याने पावतीवर काय लिहिले आहे ते वाचले नव्हते. एक्स्चेंजवरही बॉक्सिंगच्या लढतीत तिसरी ओळ बरोबरीची असते, आणि वरचे दोनच मध्य घेऊन बेरीज केली की ती शंभरच्या खाली येते. ते उरलेले चार-पाच टक्के त्या ओळीत असतात. अशा वेळी आम्ही फक्त दोघा खेळाडूंच्या शक्यतांचे गुणोत्तर घेतो आणि बरोबरी झाल्यास पैसे परत असे आधीच लिहून ठेवतो.

आमच्या कोल्हापूरच्या मित्राला हा सगळाच व्यवहार अपुरा वाटतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात आजोबांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिलेल्या त्या माणसाच्या मते पाठ टेकली तरच निकाल. तीन पंच कागदावर आकडे लिहून कुणाला तरी विजयी ठरवतात, याला तो लढत मानायलाच तयार नाही. त्याच्या हट्टामुळे आम्ही लढत कशी संपेल यावरही पैज घेऊ लागलो, आणि तिथे तर नियमांचे रानच माजले आहे. कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने दोन फेऱ्यांच्या मध्ये लढत थांबवली तर ती कोणत्या फेरीत संपली? दुकानांच्या प्रथेप्रमाणे आधीच्या. साडेचार फेऱ्यांपेक्षा अधिक म्हणजे नेमके किती? यूएफसीच्या पाच मिनिटांच्या फेरीत पाचव्या फेरीची अडीच मिनिटे, बॉक्सिंगच्या तीन मिनिटांच्या फेरीत दीड मिनिट. ऑगस्ट २०२२ मध्ये लिऑन एडवर्ड्सने कमारू उस्मानला डोक्यावर लाथ मारून पाडले ते पाचव्या फेरीच्या ४ मिनिटे ४ सेकंदांना. साडेचारच्या वर म्हणणारे जिंकले, आणि पाचही फेऱ्या पूर्ण होतील म्हणणाऱ्यांची पैज छप्पन्न सेकंदांनी गेली.

नियमभंगाने संपलेल्या लढतींनी तर आमच्या बैठकीची खरी परीक्षा पाहिली. मार्च २०२१ मध्ये पेत्र यानने गुडघा टेकलेल्या अल्जमेन स्टर्लिंगला बेकायदा गुडघा मारला, त्यामुळे यान अपात्र ठरला आणि स्टर्लिंग जमिनीवर पडल्यापडल्या विजेता ठरला. यानवर पैज लावलेला मित्र म्हणाला की त्याचा माणूस पुढे होता. स्टर्लिंगवर लावलेला म्हणाला की निकाल तो निकाल. यावर एक्स्चेंज आणि दुकाने दोन्हींकडून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे : त्या रात्री अधिकृत निवेदक जे जाहीर करेल तोच निकाल, मग नंतर काहीही होवो. जुलै २०१७ मध्ये जॉन जोन्सने डॅनियल कॉर्मिएला हरवले आणि पुढे उत्तेजकांच्या चाचणीमुळे तो निकाल रद्द झाला; परंतु त्या रात्री चुकत्या झालेल्या पैजांचे पैसे कुणी परत मागत फिरले नाही. आम्हीही तोच नियम घेतला, आणि समोरचा अपात्र ठरून मिळालेला विजय हा विजयच, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. यानच्या भक्ताने त्यावर सही केली आहे, पण सहीखाली ‘निषेधासह’ असेही लिहिले आहे.

ती वही साताऱ्याच्या मित्राकडे असते, जो पेशाने हिशेबनीस आहे आणि रुईझच्या वीस पौंडांनंतर स्वतःला भविष्यवेत्ताही समजतो. प्रत्येक लढतीसमोर एकच ओळ असते : वरचढाचे किती, समोरच्याचे किती, बरोबरी झाल्यास काय, आणि भाव किती वाजता पाहिला. भाव रात्री दोनला पाहायचा असे ठरले आहे, कारण त्याआधी दिवसभर तो हलत राहतो आणि ज्याला जी वेळ सोयीची तो त्या वेळेचा आकडा पुढे करतो. मागच्या महिन्यात मॅक्ग्रेगरभक्ताने दोन वाजून चार मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र पाठवले. तोवर भाव १.५३ वरून १.५६ झाला होता, म्हणजे एकोणीसऐवजी अठरा पौंड ठेवून भागले असते. साताऱ्याच्या मित्राने ते छायाचित्र पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि वहीत एकोणीस लिहिले.